पुढच्या दोन खुर्च्या

आमच्या गल्लीत जगाचा भूगोल शिकायला शाळेत जावं लागत नाही, दाढी वाढवली की पुरे. माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच एक सलून आहे. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. पलीकडचं निम्मं त्या भिंतीतून आपोआप ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं मी शिलाई मशीन थांबवलं की येतं. गिऱ्हाइकं विचारतात, टेलरबाई, ब्लाउजला इतका वेळ का? आता त्यांना काय सांगणार.

सलूनवाल्याला सगळे तिकडेमामा म्हणतात. खरं नाव सांगायला मामींनासुद्धा जरा आठवावं लागतं. तरुणपणी मामा एका प्रवासी जहाजावर न्हावी म्हणून चढले, मग तीन देश बघून परत आले, आणि तेव्हापासून त्यांचं एकही वाक्य 'तिकडे' या शब्दाशिवाय सुरू झालेलं नाही. पाऊस पडला की तिकडचा पाऊस, नळ गेला की तिकडचे नळ. मांजर आडवं गेलं तरी तिकडच्या मांजरांचा स्वभाव निघायचा.

पण त्यांचा खरा हातखंडा विषय एकच. कुठल्या देशात माणसाला रंगावरून कसं वागवतात. देश कसा आहे ते पुढाऱ्यांच्या भाषणातून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपले केस कापून घ्यायला जा, कुठे बसवतात ते बघा, झालं.

पहिल्या देशात म्हणे केशकर्तनालयाला दोन दारं होती आणि प्रत्येक दारावर रंगवलेली पाटी. गोऱ्यांचं एक, काळ्यांचं एक. मामा पडले गव्हाळ. एका दारात गेले तर तू आमच्यातला नाहीस म्हणाले, दुसऱ्या दारात गेले तर तिथेही हसले. शेवटी जहाजावरच्या आचाऱ्याने भाजी चिरायच्या कात्रीने त्यांचे केस उडवले. (ती कात्री दर वेळी बदलायची. कधी भाजीची, कधी माशांची. आम्ही हरकत घेत नव्हतो.) पुढे तिथला कायदा बदलला, पाट्या खरवडून काढल्या. बऱ्याच वर्षांनी मामा पुन्हा गेले तर पाट्या नव्हत्या, पण लोक अजून आपापल्याच दाराने आत जात होते.

दुसऱ्या देशात कायदा कडक. गिऱ्हाईक परत पाठवलं तर दंड. म्हणून तिथे कोणी नाही म्हणतच नसे. आदराने बसवायचे, पाणी विचारायचे, आणि मग काळजीच्या सुरात सांगायचे, तुमचे केस आम्हाला जमत नाहीत हो, बिघडले तर तुमचंच नुकसान. बसवून ठेवायचे दुपारपर्यंत. माणूस आपला आपण उठून जायचा. दंड कोणाला करणार? तिसरा देश त्याहून पुढारलेला. तिथे रंग हा शब्दच असभ्य. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे सगळे सारखे, म्हणून आम्ही मोजत नाही, म्हणून कोणाला किती मिळतं ते कोणालाच माहीत नाही, म्हणून तक्रारही नाही. मामा तिथे चांगल्या दुकानात नोकरीला होते, आणि चार वर्षं जमिनीवरचे केस झाडत होते. कात्री कधी मिळेल विचारलं की मालक प्रेमाने खांद्यावर हात ठेवायचा.

हे सगळं ऐकवून झालं की मामा गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवायचे आणि समारोप करायचे, "आपल्याकडे असलं काही नाही."

त्या वाक्याने टॉवेलपेक्षा जास्त बरं वाटायचं. दाढीला आलेला माणूस खुर्चीत दोन बोटं उंच होऊन उतरायचा. आपण भले गरीब असू, आपले रस्ते फुटके असतील, पण या एका परीक्षेत आपण सगळ्या जगाच्या वर. हेडमास्तर तर म्हणायचे की मामांचं सलून म्हणजे चालतीबोलती शाळा. हेडमास्तर निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण गल्लीला अजून गुण द्यायचं सोडत नाहीत.

आता 'आपल्याकडे असलं काही नाही' हे वाक्य ज्या वर्षात सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलं, त्याच वर्षात शेडवाले आले. गावाबाहेर मासे गोठवून खोक्यांत भरायची मोठी शेड झाली. तिथे काम करायला दूरच्या किनाऱ्यावरून माणसं आणली, बायका आणल्या, सगळं कुटुंबच आणलं. काळाभोर रंग, घट्ट कुरळे केस. आपली भाषा ते वर्षभरात शिकले, सूर मात्र त्यांचा त्यांचा राहिला. आम्ही सभ्य माणसं. आम्ही त्यांना काळे असं कधीच म्हणत नाही, शेडवाले म्हणतो. शेडचा मॅनेजर आमच्या रंगाचा आहे, तो रोज त्याच शेडमध्ये जातो, पण त्याला मॅनेजरसाहेब म्हणतात.

शेडवाले मामांकडे केस कापायला येऊ लागले. मामा खूश. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, या, बसा, हे काय तिकडचं दुकान आहे का. त्यांच्या केसांचं काम मात्र मामांना येत नव्हतं. ते करायची त्यांची लेक. ती मोठ्या शहरात शिकून आली होती. त्या केसांना कोणती फणी लागते, मशीनला कोणती पट्टी लावायची, बारीक वेण्या डोक्याला ताण न देता कशा घालायच्या, सगळं तिथल्या एका बाईच्या हाताखाली गिरवून आली होती. सलूनमध्ये पुढे दोन खुर्च्या. एकीवर बाप, एकीवर लेक. आणि पलीकडे भिंतीआड मी. सुखाचे दिवस होते.

मग एकदा हेडमास्तर खुर्चीत बसले आणि त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर एक इवलासा कुरळा केस राहिला होता. हेडमास्तरांनी दोन बोटांनी तो उचलला, खाली सोडला आणि बोटं कापडाला पुसली. पुढच्या खेपेला ते घरून स्वतःची फणी घेऊन आले, कागदात गुंडाळून. कोणी विचारलंच तर म्हणे टाळूला खाज येते, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानंतर गल्लीतल्या बऱ्याच टाळूंना खाज सुटली. जो तो खिशात फणी घेऊन येऊ लागला. भांडण नाही, तंटा नाही. नुसत्या फण्या.

मामा घाबरले. घाबरलेला माणूस फार कल्पक होतो. त्यांनी मागची अडगळीची खोली साफ केली, स्वतःच्या हाताने फरशी बसवली, नवा आरसा आणला, बेसिन जोडलं, तिसरी खुर्ची पक्की ठोकली. तिथला पंखा तर पुढच्यापेक्षा भारी. मला टॉवेल शिवायला दिले ते तपकिरी. पुढचे पांढरे, मागचे तपकिरी, म्हणजे धुताना घोटाळा नको. मी म्हटलं, मामा, हे कशासाठी? तर म्हणाले, "वेण्यांना वेळ लागतो, टेलरबाई. त्यांना निवांतपणा हवा. पुढे रस्त्यावरची धूळ येते." मी टॉवेलांचे काठ दुमडले आणि दिले.

लेकीलाही आधी आवडलं. स्वतःची खोली, स्वतःची माणसं. सुट्टीच्या दिवशी शेडच्या बायका आल्या की मागे असा हशा पिकायचा की पुढच्या गिऱ्हाइकांचे कान लांब व्हायचे. पण हळूहळू एक गोष्ट झाली. पूर्वी जे लोक पोरीकडूनच केस कापून घ्यायचे ते म्हणू लागले, नको, मामांचा हात मोकळा होऊ दे, आम्ही थांबतो. ती पुढे येऊन उभी राहायची, कात्री हातात, खुर्ची रिकामी, आणि बाकावरची माणसं वर्तमानपत्रात डोकं घालून बसायची. एकदा तिने साबण लावून हात कोपरापर्यंत धुऊन दाखवले, थट्टेनेच. कोणी हसलं नाही. त्यानंतर ती पुढे यायची बंद झाली. दुकान उद्या तिचंच व्हायचं होतं. मामांचा हात थरथरू लागला होता, वस्तरा धरताना ते आधी मनगट टेकवून घ्यायचे, आणि मामींनी तर पाटीवर लेकीचं नाव रंगवायला माणूसही बघून ठेवला होता. पण ज्या पोरीला स्वतःच्याच दुकानाच्या पुढच्या खुर्चीवर कोणी डोकं देत नाही, ती दुकान काय चालवणार?

असं चाललेलं असताना बाजारसमितीच्या सेक्रेटरींना संमेलनाची हुक्की आली. शाळेच्या सभागृहात संध्याकाळचा कार्यक्रम, विषय 'जग आणि आपण'. वक्ता कोण, तर तिकडेमामा. शेडवाल्यांनाही बोलावलं होतं. त्यांची सोय मागच्या रांगांत केली, कारण मागचे पंखे चांगले. आमच्याकडे मागचं सगळं चांगलं असतं.

मामा त्या दिवशी रंगले. कोटाला इस्त्री, आवाजाला धार. दोन दारं सांगितली, खरवडलेल्या पाट्या सांगितल्या, दुपारपर्यंत बसवून ठेवणं सांगितलं. चार वर्षं केस झाडल्याचं सांगताना त्यांची मूठ आपोआप झाडू धरल्यासारखी वळली. ते ढोंग नव्हतं. त्या झाडूचा दांडा त्या माणसाच्या तळहातावर अजून उमटलेला आहे. आणि मग शेवट, आपल्याकडे असलं काही नाही. टाळ्या. सेक्रेटरी म्हणाले, कोणाला काही विचारायचंय?

मागून एक बाई उठल्या. शेडमध्ये बायकांच्या पाळीवर मुकादम होत्या, आम्ही मुकादमीण म्हणायचो. उंच, थोराड, केस बोटभरच ठेवलेले. फार हळू बोलल्या, तरी पुढच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

"मला परवा सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "मला वेण्या घालायच्या नाहीत, मानेवरचे थोडे कमी करायचेत. मी पुढच्या खुर्चीत बसू का?"

मामा व्यासपीठावर होते. व्यासपीठावर माणूस उदार असतो. म्हणाले, "अहो, विचारता काय? दुकान तुमचंच आहे." पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. फक्त मामांच्या लेकीने टाळी वाजवली नाही. ती बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करताना ती जे बोलली ते मी भिंतीतून ऐकलं. मशीन थांबवावंही लागलं नाही, मी आधीच थांबवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, उद्या त्यांना पुढे बसवा. आणि केस मी कापणार, तुमच्या शेजारी उभी राहून. नाही बसवलंत तर मी या दुकानात राहत नाही. भांडून जाणार नाही, पण जाईन."

मामांनी तिला समजावलं, की आपण थोडं सबुरीने घेऊ, लोक बदलतात, वेळ लागतो, तिकडे कायदा बदलायला किती वर्षं लागली. ती म्हणाली, आपल्याला कायदा कुठे बदलायचाय, एक माणूस खुर्चीत बसवायचाय. मग तेलाच्या डबीचा आवाज आला. मामा पुढच्या खुर्चीच्या दांड्याला तेल देत होते. मला वाटलं, बसवणार बहुतेक.

सकाळी मुकादमीण आल्या तेव्हा पुढच्या एका खुर्चीत हेडमास्तर होते, दुसरीत सेक्रेटरी, आणि बाकावर चौघे. आडवारी. एरवी त्या दिवशी मामा माश्या मारत बसतात. हे कोणी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. निरोप फिरला असता तर तो माझ्या दुकानावरूनच गेला असता. आम्हा लोकांना अशा बाबतीत निरोप लागत नाही.

मी बटणं आणायच्या निमित्ताने बाहेर येऊन उंबऱ्याशी उभी राहिले. मुकादमीण बाकावर बसल्या. चौघांनी सरकून त्यांना जागा दिली, इतकी दिली की दोघे उठून उभेच राहिले. एकाने वर्तमानपत्र पुढे केलं. एकाने पंखा त्यांच्याकडे वळवला. इतका पाहुणचार मी गल्लीत कधी पाहिला नाही. लेक मागच्या खोलीच्या दारात उभी होती, पदर खोचून, कात्री हातात.

सेक्रेटरी सावकाश उठले आणि त्यांच्या जागी बाकावरचा एक बसला, नंबर त्याचाच होता. हेडमास्तरांची दाढी झाली. मग त्यांनी मिशा सारख्या करायला सांगितल्या. मग कानावरचे केस, मग नाकातले. मग मालिश. हेडमास्तरांच्या डोक्यावर मालिश करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे ते स्वतःही जाणून आहेत. मामांचे हात चालत होते आणि डोळे आरशात होते, आणि आरशात बाक दिसतो.

"मामा," हेडमास्तर डोळे मिटून म्हणाले, "ती दुसऱ्या देशाची गोष्ट सांगा ना. झकास आहे ती."

आणि मामांनी सांगायला सुरुवात केली. माणसाला सवयीचं बोट धरायची खोड असते. कायदा कडक, दंड, आदराने बसवायचे, पाणी विचारायचे. इतक्यात बाकावरच्या एकाने मुकादमीणबाईंना खरोखरच पाणी विचारलं. त्या नको म्हणाल्या. मामा पुढे सांगत राहिले, आणि बसवून ठेवायचे, आणि माणूस... तिथे त्यांचा आवाज खाली गेला. हात हेडमास्तरांच्या टकलावर तसेच राहिले. कोणी पुढचं विचारलं नाही, सगळ्यांना पाठ होतं.

हेडमास्तर उतरले. खुर्ची रिकामी झाली. मामांनी पांढरं कापड झटकलं. आता नंबर कोणाचा हे स्पष्ट होतं, दुसऱ्या खुर्चीत बाकावरचे चौघे आटोपून पुन्हा बाकावर टेकले होते, आणि त्या बाईंनंतर आलेलेही दोघे हजामत करून गेले होते. मामा कापड हातात घेऊन उभे राहिले. बाकाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, दारात कोण कोण उभं आहे ते बघितलं. मीही होते त्यात.

"आज फारच गर्दी आहे हो," ते मुकादमीणबाईंना म्हणाले. "आजच्या दिवस मागे बसता का? पुढच्या वेळी नक्की."

त्या उठल्या. रागावल्या नाहीत. मानेवरून हात फिरवून म्हणाल्या, "राहू द्या. इतके काही वाढलेले नाहीत." आणि गेल्या.

लेक मागे वळली. तिने आपल्या फण्या, कात्र्या, मशीन एका तपकिरी टॉवेलात बांधलं. बाकावरची माणसं एकदम पाय आखडून बसली, तिला जायला वाट करून द्यायला. पाय आखडण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. बापाजवळून जाताना ती थांबली. मला वाटलं आता काहीतरी तोडून बोलेल. पण म्हणाली, बाबा, गॅसवर पाणी ठेवलंय, बघा. आणि बाहेर पडली.

दुकानावर तिची पाटी रंगवायचं मामींनी मनातून काढून टाकलं. त्या रोज डबा करून पाठवायच्या, कारण पोरगी शेडपलीकडच्या चाळीत एका ओट्यावर खुर्ची मांडून बसली होती आणि राहायलाही तिथेच एक खोली घेतली होती. गल्लीत चर्चेला उधाण आलं. कोणी म्हणे तिने तिथे लग्न ठरवलंय, कोणी म्हणे ती त्यांच्यासारखं जेवते. या अफवांपैकी एकही मी उठवली नाही, फक्त पुढे सरकवल्या. शेडवाले मामांकडे यायचे थांबले. मामांनी कोणालाच नाही म्हटलं नव्हतं, कोणालाच हाकललं नव्हतं. मागच्या खोलीचा पंखा बंद होता. पुढे सगळं पूर्वीसारखं सुरळीत. हेडमास्तर म्हणाले, बरं झालं, वातावरण निवळलं.

फक्त मामा तिकडचं बोलेनासे झाले. कोणी म्हटलं, मामा, ती दोन दारांची होऊन जाऊ दे, तर म्हणायचे घसा बसलाय. असा घसा महिनाभर बसत नाही. माझ्या भिंतीतून नुसती कात्री ऐकू यायची. मशीन थांबवण्यात काही अर्थ राहिला नाही, कपडे वेळेवर तयार होऊ लागले.

एका रविवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. केस कानांवर आले होते. त्यांचे केस आजवर लेकच कापायची. म्हणाले, टेलरबाई, चला जरा माझ्याबरोबर, एकट्याला अवघडल्यासारखं होतं. मी म्हटलं, न्हाव्याच्या डोक्याचं काम काढायला शिंपीण कशाला? पण गेले.

ओट्यावर एक खुर्ची, भिंतीला खिळ्यावर आरसा, पायऱ्यांवर बसलेली माणसं. रविवार म्हणजे गर्दी असणारच. लेकीने आम्हाला पाहिलं. कात्री थांबली नाही. "बसा बाबा," म्हणाली. "तुमच्या आधीची माणसं आहेत."

मामा पायरीवर बसले. कोणी कुजबुजलं नाही, कोणी पंखा वळवला नाही, पंखाच नव्हता. एका तरुणाने उठून आपला नंबर देऊ केला, म्हातारे आहेत म्हणून. मामा नको म्हणाले आणि लेकीनेही मान हलवली, थांबू दे त्यांना. मुकादमीणबाई तिथेच होत्या. त्यांनी मामांना नमस्कार केला, एवढंच, आणि मला विचारलं की बाहीला झालर लावून द्याल का. मी कापडाचं माप सांगितलं. आमचं बाह्यांवर बराच वेळ चाललं. मध्येच मी मामांकडे बघितलं तर ते लेकीच्या हातांकडे बघत होते. ती एका पोरीच्या वेण्या घालत होती, बोटं दिसत नव्हती इतकी भराभर. त्यांनी हे काम आजवर पाहिलंच नव्हतं. घरातच चाललेलं, मागच्या खोलीत, आणि पुढून कधी उठून बघितलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा त्यांचा नंबर आला. तिने कापड गळ्याशी बांधलं, मान पुढे वाकवली आणि कापायला लागली. मामा वाकलेल्या मानेनेच बोलले, कदाचित तसंच बोलायला सोपं असेल. म्हणाले, "परत ये, पोरी. पुढची खुर्ची तुझी."

"आणि ही माणसं?"

पायऱ्यांवरचे सगळे ऐकत होते, ऐकत नसल्यासारखं दाखवायची त्यांना गरजही वाटली नाही. मामांना तिथे गोड बोलता आलं असतं, व्यासपीठावर बोलले होते तसं. म्हणाले, "ही माणसं पुढे बसली तर बाकीचे येणार नाहीत. दुकान बसेल माझं. मला भीती वाटते."

लेक म्हणाली, "कानाजवळ हलू नका."

मग तिने बाकीचे केस कापले. घाई केली नाही. मानेवर ब्रश फिरवला, कानामागे फुंकर घातली, लहानपणी मामा तिला घालायचे तशी असेल, मला काय माहीत. कापड सोडलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मधल्या वारी या, बाबा. रविवारी थांबावं लागतं." गिऱ्हाइकाला सांगतात तसं. मामा उतरले आणि पुढचा माणूस खुर्चीत बसला.

येताना मी दोन विनोद केले, दोन्ही वाया गेले.

सलूनच्या शटरशी हेडमास्तर वाट बघत उभे होते. कुठे होतात मामा, दुपारपासून दोन चकरा झाल्या, संध्याकाळी लग्नाला जायचंय, आणि हे केस कोणी कापले, वा, दहा वर्षांनी तरुण दिसताय.

मामांनी शटर अर्ध्यावर उचललं आणि थांबले. "लेकीने," ते म्हणाले. "शेडवाल्यांच्या ओट्यावर. त्यांच्यात बसून आलो. त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच फणीने." मग शटर पूर्ण वर केलं, आत जाऊन पांढरं कापड झटकलं आणि पुढच्या खुर्चीशी उभे राहिले. "या, बसा."

हेडमास्तरांनी मामांच्या हातांकडे बघितलं. मग घड्याळाकडे. त्यांना एकदम आठवलं की लग्न जवळचंच आहे, दाढी घरीच उरकता येईल, उगाच मामांना दमलेल्या अंगाने त्रास कशाला. उद्या येतो, म्हणाले, आणि हसून, नेहमीसारखे गल्लीला नमस्कार करत गेले.

मामा म्हणाले, "बरं." ते कापड त्यांनी घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. मी विचारलं, मामा, हे कशाला सांगितलंत, त्यांनी काही फणीचं विचारलं नव्हतं. ते म्हणाले, माहीत नाही. तिथे बसून सगळं खरं बोललो, मग इथे येऊन एकदम खोटं बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. सेक्रेटरी गल्लीच्या त्या टोकाने जाऊ लागले आहेत, तिकडून त्यांना ऊन लागत नाही म्हणे. मामा रोज शटर उघडतात, दोन्ही खुर्च्या पुसतात, आणि मधल्या वारी दुपारी बंद करून लेकीकडे जातात. ती अजून परत आलेली नाही. त्यांनीही तिला पुन्हा विचारलेलं नाही. दुकानाचं काय होणार ते मामांना विचारायचं माझ्या मनात रोज येतं, आणि मी मशीन चालू करते.